मसुद्यातली नावं

कामशेतच्या अनिताला माणसांचा तिटकारा होता, त्यातही न वाचणाऱ्यांचा फार. हवेतून जाणारे वाय-फायचे संदेश पकडून उलगडून दाखवणारं एक सॉफ्टवेअर जगभरची माणसं मिळून फुकट बांधतात. त्यात तीही होती. वाय-फायच्या नव्या मानकाची, म्हणजे जगभर पाळायच्या नियमांची, अंतिम प्रत निघाली, तेव्हा त्या प्रतीत कितीतरी गोष्टींची नावं आधीच्या मसुद्यापेक्षा बदललेली होती. सॉफ्टवेअरमध्ये मात्र मसुद्यातलीच नावं ठाण मांडून बसलेली. "लोकांना सवय झालीय," असं बाकीचे शहाणे म्हणत. सवय काय, तंबाखूचीही होते.

तिने एकटीने सगळी नावं मानकाप्रमाणे करून टाकली. काम चोख, यात वाद नाही. तिथली रीत अशी, की नवं नाव आलं तरी जुनं काही काळ चालू ठेवायचं, म्हणजे जुन्या नावाने शोधणाऱ्याचं अडत नाही. अनिताने जुनी नावं मुळासकट उपटली. मानक उघडायचा ज्यांना कंटाळा, त्या आळशांचे लाड कशाला? तपासणाऱ्यांनीही नीट न बघता माना डोलावल्या. तेही त्याच लायकीचे.

तिचा नवरा संदेश खंडाळ्याच्या एका हॉटेलचं वाय-फाय सांभाळायचा. कनेक्शन तुटायला लागली की पडदा लाल करणारा, त्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा प्रोग्रॅम तिनेच त्याला लिहून दिला होता. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्याने आल्याआल्या टाकली, बायकोचं काम म्हणून, मोठ्या कौतुकाने. प्रोग्रॅम जुन्याच नावाने शोधत राहिला. काही सापडेना, म्हणून पडदा हिरवागार. लग्नाचं वऱ्हाड उतरलेलं असताना हॉटेलभर नेट बसलं, आणि मॅनेजर म्हणवणाऱ्या त्या टायवाल्याने संदेशला चारचौघांत कामावरून काढलं.

घरी येऊन तो पायरीवर बसला. "माजंच चुकलं. तुजा पडदा तर हिरवा व्हता. मीच कुटंतरी वायर हालवली आसंल."

अनिताने आत जाऊन त्याचा लॅपटॉप उघडला. तिनेच लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये तिनेच उपटलेलं नाव होतं. आळशांत पहिला नंबर तिचाच. तिला स्वतःची शिसारी आली.

बाहेर येऊन तिने सगळं सांगितलं. उद्या मॅनेजरलाही सांगते, म्हणाली.

संदेशने तिचा हात धरून खाली बसवलं.

"माज्यापायी खोटं बोलू नगं," तो म्हणाला. "येवडी मोटी चूक तू करशील व्हय?"