शिरसाट सरांची दहा नंबरची सीट

मी विज्ञानाचा शिक्षक. नवी मोटारसायकल मुद्दाम अमावस्येला घरी आणली होती, यावरून काय ते समजा. भूतबित मी मानत नाही. आजही नाही... पण जे झालं ते कुठेतरी लिहून टाकल्याशिवाय माझी चिडचिड जाणार नाही.

जाफराबादला आमच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये पोलीस भरतीच्या मुलामुलींसाठी अभ्यासिका आहे. इंटरनेटचा तिथे आनंदीआनंद. म्हणून माझे मित्र शिरसाट सर यांनी तळहाताएवढे छोटे कॉम्प्युटर बोर्ड एकमेकांना जोडून घरगुती सर्व्हर उभा केला. मुलं टॅबवरून त्याच्यावरचे सराव पेपर सोडवतात. सगळं सरांनी एकट्याने केलं आणि कुणालाही काही न शिकवता गेल्या हिवाळ्यात हार्ट अटॅकने गेले. मला त्यांचा राग येतो तो याच गोष्टीचा. अजून येतो.

नेटवर्कवर प्रत्येक मशीनला एक नंबर लागतो, म्हणजे त्याचा पत्ता. सर हे एसटीच्या भाषेत समजावायचे. खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो ना, तसा प्रत्येक बोर्डाच्या नावाने रुमाल टाकलेला. मुख्य बोर्ड अकरावर, बाकीचे त्याच्या मागे. दहा नंबर सरांच्या स्वतःच्या लॅपटॉपचा. "दहावर कोनी बसायचं न्हाई, ती माझी सीट हाये," असं बजावायचे.

त्या रविवारी भरतीच्या लेखी परीक्षेआधीचा शेवटचा सराव पेपर होता. सरांनीच काढून ठेवलेला. आणि नेमकी त्याच सकाळी मला अवदसा आठवली. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून मी सगळ्या बोर्डांना सिस्टीम अपडेट मारला. अपडेट संपला, बोर्ड चालू झाले आणि नेटवर्क गायब! नव्या सिस्टीमला जुनी सेटिंग वाचताच येईना. सगळे रुमाल उडाले.

एकेका बोर्डाला स्क्रीन जोडून नंबर पुन्हा देत बसलो. उकाडा, घाम, आणि दारात मुलं जमत चाललेली. त्यात मी एक जास्तीचा शहाणपणा केला. सर तर गेले, मग दहा नंबर रिकामा कशाला? मुख्य बोर्डाला तोच द्यायचं ठरवलं आणि सगळ्या टॅबमध्येही पेपरचा पत्ता म्हणून दहा टाकून मोकळा झालो.

बोर्ड दहा घेईना. स्क्रीनवर एकच रडगाणं — हा पत्ता आधीच दुसऱ्या मशीनकडे आहे.

अरे, कुठल्या मशीनकडे? राउटर काढला. वायफाय बंद केलं. मुलांना मोबाईल बंद करायला लावले. शेवटी तर सगळे बोर्डही उपटून ठेवले. उरला माझा लॅपटॉप, एक वायर आणि नेटवर्कच्या वायरी जोडायचा डबा, म्हणजे स्विच. एखाद्या नंबरला हाक मारून कुणी आहे का ते पाहता येतं, तशी दहाला हाक मारली... उत्तर आलं. स्विच बदलला. तरी उत्तर. डोकं भणभणायला लागलं.

"सर, होतो का न्हाई पेपर आज?" कोमल विचारायला आली. ती खेड्यावरून जीपने येते. "घरचे म्हन्ले हे शेवटचं. या टायमाला नाव न्हाई निघालं तं पुन्हा पाठवत न्हाईत."

मी तिच्यावर खेकसलो. बिचारी मागे जाऊन बसली, आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

उत्तर देणाऱ्या मशीनचा कारखान्यातूनच पडलेला, दुसऱ्या कुठल्याही मशीनला नसणारा क्रमांक स्क्रीनवर दिसत होता. वैतागून शिरसाट वहिनींना फोन लावला. त्या सध्या लांब तीर्थपुरीला, माहेरी असतात.

"वहिनी, सरांचा लॅपटॉप कुठंय?"

"माझ्याजवळच हाये, भाऊजी. कपाटात. बॅटरी फुगल्ती म्हणून काढून टाकली. का बरं?"

"त्याच्या खाली स्टिकर आसंल. त्यावरचा नेटवर्कचा नंबर वाचता का जरा?"

त्यांनी कपाट उघडलं, लॅपटॉप उलटा केला आणि एकेक अक्षर सावकाश वाचलं. मी स्क्रीनवर बोट ठेवून ऐकत होतो. अक्षरन् अक्षर जुळलं.

खरं तेच सांगून टाकलं. मी सरांच्या जागी बोर्ड बसवत होतो आणि ती जागा सुटत नाही. वहिनींनी लॅपटॉप परत कपाटात ठेवल्याचा आवाज आला. 

मग म्हणाल्या, "मंग बसू द्या ना त्यांना तिथं. एवढी जल्दी काय हाये उठवायची?"

मी गुपचूप मुख्य बोर्डाला जुना अकरा दिला. तो लगेच लागला! मग शिव्या देत एकेक टॅब पुन्हा बदलला. पेपर उशिरा सुरू झाला, पण झाला. कोमल पेपर पूर्ण करून पळतच जीपकडे गेली.

नंतर दहाला पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. त्यानंतर कधीच आलं नाही. नेटवर्कमधल्या जाणकार मित्राला विचारलं, तर म्हणे जुनी नोंद अडकली असेल. कशात अडकली बाबा? स्विचसुद्धा बदलला होता! 

राग मात्र आहे. यायचंच होतं तर सर, तो अपडेटचा घोळ निस्तरायला यायचं. नुसती सीट धरून बसलात!

दहा नंबर मी कुणाला देत नाही. प्रत्येक अपडेटनंतर नेटवर्क कोलमडतं, मी वैतागतो, आणि दुरुस्तीला हात घालण्याआधी दहाला एकदा हाक मारतो.

उत्तर येत नाही. तरी थोडा वेळ थांबतो.