पूर्ण खाली

"सर, खाली आहे," मी इंटरकॉमवर म्हणालो. सर वरच्या कंट्रोल रूममध्ये होते.

विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या प्लांटमध्ये इलेक्ट्रॉन ॲक्सिलरेटर आहे. इलेक्ट्रॉनचा झोत, म्हणजे बीम, सिरिंजच्या खोक्यांवर सोडून जंतू मारतात. हे काम तळमजल्यावरच्या जाड काँक्रीटच्या खोलीत चालतं. तिला सेल म्हणतात. बीम बंद झाला की रेडिएशन संपतं, दिवा विझल्यावर उजेड जातो तसं. कपड्यांना काही चिकटत नाही. आईला हे अजून पटलेलं नाही, घरी माझी बादली वेगळी आहे.

पण बीम सुरू असताना सेलमध्ये माणूस राहिला, तर वाचणं कठीण. म्हणून आधी एकजण आत फिरतो, कोपरे बघतो, भिंतीवरची बटणं दाबतो आणि बाहेर येऊन दार लावतो. याला सर्च म्हणतात. त्या दिवशी सर्च मी करत होतो आणि सेफ्टी ऑडिटर मॅडम बघत होत्या. जमलं तर एकट्याने सर्च करायची परवानगी. नाहीतर ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. पोरगा मशीन चालवतो, असं बाबांनी रेल्वे कॉलनीत आधीच सांगून ठेवलं होतं.

आमचे इन्चार्ज देशमुख सर साताऱ्याचे. जयपुरात मराठी मुलगा मिळाला, म्हणून माझ्याशी हट्टाने मराठीच बोलत. माझं मराठी घरातलं, मतलब हिंदीच्या शेजारी वाढलेलं.

"खाली कोण आहे?" सरांनी विचारलं.

"कोणी नाही, सर. खाली आहे."

"अरे, कोणी नाही तर खाली आहे कोण?"

मला वाटलं, आवाज नीट जात नाहीये. मी सावकाश म्हणालो, "सर, पूर्ण खाली आहे."

नेमके ऑपरेटर भंवरजी वर खुर्चीत नव्हते, म्हणून सरांना वाटलं, तेच खाली सेलमध्ये राहिलेत. सरांनी इमर्जन्सी स्टॉप दाबला. हूटर वाजला, खोकी वाहणारा बेल्ट थांबला. सर रेडिएशन मीटर घेऊन जिना उतरले आणि सेलचं दार उघडून भंवरजींना हाका मारू लागले. मागून भंवरजी चहाची किटली घेऊन आले.

"साहब, मैं इधर हूँ. अंदर किसको बुला रहे हो?"

सर माझ्याकडे वळले. "तू म्हणालास, खाली आहे."

"हो सर. खाली. एम्प्टी."

सर भिंतीला टेकले. "रिकामी म्हणतात रे, बाळा. रिकामी."

मॅडमना सगळं मी हिंदीत समजावलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी फक्त चावी मागितली. मी खिशातून काढून दाखवली. सर्च करणाऱ्याने ती स्वतःजवळच ठेवायची असते, ती वरच्या कंट्रोल पॅनलला लागल्याशिवाय बीम सुरूच होत नाही. मॅडम म्हणाल्या, शंका आली म्हणून सरांनी थांबवलं, ते बरोबर. चावी याच्याकडे होती, तेही बरोबर. चुकली ती भाषा.

स्टॉप दाबला की सर्च पुन्हा करावा लागतो. मी पुन्हा आत फिरलो, दार लावलं, मॅडमनी ठरवून दिलेलं वाक्य बोललो, "सर्च पूरा. अंदर कोई नहीं है." परवानगी मिळाली.

दोन अर्थांचा शब्द घरी चालतो, इंटरकॉमवर नाही. सर अजूनही माझ्याशी मराठीच बोलतात, पण बीम बंद असताना.