सहा माणसांच्या तंबूत कोण झोपलं?

तंबू निवडताना आमच्या घरी जो अभ्यास झाला, त्याच्या निम्मा मुलीच्या दहावीला झाला तरी मी धन्य होईन. नवऱ्याने दिवाळीची सगळी सुट्टी व्हिडिओ पाहण्यात घालवली. कापड किती पाऊस सोसतं, काड्या ॲल्युमिनियमच्या की फायबरच्या, जाळीतून डास येतो का. आम्ही जाणार होतो त्या धाड गावाकडे डिसेंबरात पाऊस कुठून येणार, हे मी विचारलं तर मला वाऱ्याचा वेग समजावण्यात आला. शेवटी 'सहा माणसांचा' तंबू आला. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे, असे घरात सहाच.

मला त्या तंबूत एकच गोष्ट हवी होती. घरी सगळ्यांच्या शेवटी झोपते आणि सगळ्यांच्या आधी उठते ती मी. एक रात्र मला वेळेवर आडवं व्हायचं होतं, पाय पसरून. एवढ्या लोभाने मी अंथरुणं, पांघरुणं आणि चटण्या बांधल्या.

खामगावहून सकाळी निघालो. बोथ्याच्या घाटात जंगल आहे, गाडी हळू चालवा आणि माकडांना काही खायला घालू नका. बुलढाण्यात पोहे-चहा बरा मिळाला. भाजी, दूध धाडला घेतलं. परवानगीशिवाय जंगलात तंबू ठोकू नये, म्हणून आम्ही नवऱ्याच्या मामांच्या शेतात उतरलो. शेताच्या मागेच चढायला एक टेकडी आहे.

तंबू उभारण्यात दुपार गेली. व्हिडिओत तो माणूस हसत हसत उभारतो. नवीन गॅसची शेगडी वाऱ्यापुढे टिकेना, तेव्हा सासूबाईंनी गोवऱ्या पेटवल्या. निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी अशी झाली की मुलांनीही तोंड वाकडं केलं नाही.

जेवणं झाली आणि सासरे तंबूच्या तोंडाशी उभे राहिले. आत सहा अंथरुणं एकमेकांना चिकटून होती. ते पाहून ते गाडीकडे चालू लागले. नवरा मागे धावला.

"सून झोपन तिथं," सासरे म्हणाले. "मी कसा झोपू बे?"

हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. नवऱ्याने मध्ये चादर बांधू, मुलांना मध्ये घालू, असे बरेच नकाशे मांडले. सासरे ऐकेनात. मग तो माझ्याकडे वळला. ती नजर मी चांगली ओळखते. एका रात्रीचाच प्रश्न आहे, तू गाडीत झोपतेस का, असं त्याने अगदी गोड आवाजात विचारलं. मला संताप आला, रडूही आलं, आणि सवयीने हात उशीकडे गेला.

सासूबाईंनी ती उशी माझ्या हातातून घेतली.

"ती काऊन जाईन? तू जाय. तुया बापालेही घेऊन जाय."

मुलांना गाडीत झोपण्याचं भारी अप्रूप, तीही पळाली. सासूबाईंनी आतून चेन लावली, डोक्यावरचा पदर काढून बाजूला ठेवला आणि हातपाय ताणून दिले. मी काही बोलायच्या आत त्या घोरू लागल्या. मीही झोपले.

उठले तेव्हा ऊन वर आलं होतं. बाहेर नवरा आणि सासरे आखडलेली मान धरून चहा करत होते. टेकडी आम्ही दोघी आणि मुलंच चढलो. वरून हरभऱ्याची शेतं छान दिसतात. जाणाऱ्यांनी पाणी सोबत ठेवावं.

तुम्ही घेणार असाल तर सहा माणसांचा म्हणजे चौघांचा समजा. आधी घरात फरशीवर खडूने आकार काढा, सगळ्यांना आडवं करा, आणि कोण कोणाच्या शेजारी झोपणार ते विचारा.

घरी आल्यावर नवऱ्याने पुन्हा मोबाईल काढला. आता पडदा असलेला, दोन खोल्यांचा तंबू पाहणं सुरू झालं. सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"लहान पाह्य," त्या म्हणाल्या. "आमच्या दोघीपुरता."

आणि बाकीचे कुठे झोपतील, असं त्याने विचारलं.

"तुमाले घर हाय ना."