ग्राफिक्स कार्डाला उष्टं पाणी का म्हणून?

चित्र पाहिलं आणि माझं टाळकं सणकलं. पंपातून निघालेलं पाणी आधी प्रोसेसरवरून जाणार, त्याची उष्णता घेऊन मग ग्राफिक्स कार्डावर येणार आणि त्यानंतर कुठे पंखेवाल्या रेडिएटरमध्ये थंड होणार. म्हणजे एकाला ताजं आणि दुसऱ्याला उष्टं! आणि हे चित्र कम्प्युटरच्या दुकानदारानं मला व्हॉट्सॲपवर असं बिनधास्त पाठवलं, जणू जगाची रीतच ती.

मी गप्प बसणाऱ्यातला नाही. उधन्यात आमचं घर गल्लीच्या अगदी शेवटी. नळ सुटला की तोंडावरची घरं मोटर लावून पाणी खेचतात आणि आमचा नळ नुसता खोकतो. त्यावर मी पत्रकं लिहिली, दारोदार वाटली, शिव्याही खाल्ल्या. आता तीच गल्ली मी स्वतःच्या हातानं कम्प्युटरमध्ये बांधू?

कम्प्युटर तसा बहिणीचा. ती पलसाण्याच्या एका मिलसाठी घरी बसून साड्यांची डिझाइनं करते. वर पत्रा, बाहेर मे महिना. दुपारी पदर अर्धा रंगवून होतो न होतो तोच मशीन तापून बंद. झालेलं काम पाण्यात. मिलवाल्यानं साफ सांगितलं होतं, लग्नसराईची डिझाइनं वेळेत आली नाहीत तर काम दुसरीला देतो. मी छाती ठोकून म्हणालो, "मी आत पाणीच फिरवतो. तू काळजी सोड."

"तू म्हणालास ना, तिथूनच काळजी सुरू होते, दादा."

आमच्यात सभेशिवाय काही होत नाही. सभा भरली. हजर मी, बहीण, आई आणि नळाच्या आंदोलनातला माझा एक मित्र. चहा असेल त्या सभेला तो येतोच. उरलेल्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर मी नकाशा काढला. पंपातून निघाल्या निघाल्या पाइपाला दोन फाटे. एक प्रोसेसरला, एक ग्राफिक्स कार्डाला. दोघांना ताजं, दोघांना सारखं.

"प्रत्येक फाट्याला कॉक पण लाव," मित्र म्हणाला. "उद्या प्रोसेसरनं जास्त खेचलं म्हणजे?"

बिनतोड मुद्दा. कॉक मंजूर.

आई भाकरी थापता थापता ओरडली, "काय करी ऱ्हायना रे भाऊ? त्यामा पानी टाकशी? करंट लागी जाई!"

पाणी बंद पाइपातून जातं, बाहेर थेंब येत नाही, हे तिला समजावलं. तर म्हणाली, "मंग वर टाकी ठेव. लाईट गई तरी पानी येई."

लाईट गेली की कम्प्युटरही बंद पडतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. टाकीही मंजूर.

हात वर केला नाही तो फक्त बहिणीनं. "मला दुपारभर चालणारं मशीन पाहिजे. बाकी काय ते तुमचं तुम्ही बघा."

"विरोधकांनी पर्याय द्यावा," मी म्हणालो.

तिनं पर्याय दिला नाही. नकाशा घेतला आणि मला रिंग रोडच्या त्या दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं कागद उभा धरून बघितला, आडवा धरून बघितला.

"भाई, आ कम्प्युटर छे के सोसायटी?"

मग तो समजावू लागला. पाणी इतकं भराभर गोल फिरतं की ते सगळीकडे जवळपास सारखंच गरम असतं. क्रम कसाही लावा. फाटे आणि कॉक वाढवाल तेवढ्या गळायच्या जागा वाढतील.

"गल्लीच्या तोंडावरचे लोकही हेच सांगतात!" मी कडाडलो. "सगळ्यांना सारखंच येतं म्हणे!"

दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. समोर माणसं असली की मला सुचतं. मी पाण्याच्या हक्कावर बोलायला लागलो.

बहिणीनं माझं मनगट धरून मला ओढलं. कोपऱ्यात नमुन्याचं एक मशीन चालू होतं, आत पाणी फिरत होतं. तिनं दुकानदाराला बाजूची काच काढायला लावली. म्हणाली, "डोळे मीट." मग माझा एक हात प्रोसेसरकडे जाणाऱ्या पाइपावर ठेवला आणि दुसरा तिथून ग्राफिक्स कार्डाकडे निघणाऱ्या पाइपावर.

"आता सांग, उष्टं कुठलं?"

डावं कोमट. उजवंही कोमट. आयुष्यात कधी नव्हे तो मी विचार करत होतो.

"डावं," मी ठणकावून सांगितलं.

डोळे उघडले. डावा हात ताज्यावर होता.

"हे शोरूमचं मशीन आहे," मी म्हणालो. "मालकासमोर शहाण्यासारखं वागणारच."

बहिणीनं दुकानदाराचं पेन घेतलं. फाटे खोडले, कॉक खोडले, आईची टाकीही खोडली. ओढली एकच रेघ. पंप, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रेडिएटर आणि परत पंप.

"कम्प्युटर माझा, काम माझं. मतदान संपलं."

"माझा विरोध नोंदवा."

"नोंदवला. पाइप धर आता."

घरी येऊन जोडणी केली. पाणी भरून दिवसभर नुसता पंप चालवला. प्रत्येक सांध्याखाली कागदी रुमाल ठेवले होते, ते सगळे कोरडे निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी पत्रा तापला आणि आम्ही सगळे तिच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिलो. पदर झाला. मशीन चालू. काठ झाला. तरी चालू.

"तरीसुद्धा तत्त्व म्हणून दोन फाटे..." मी मित्राला समजावू लागलो.

बहिणीनं मान न वळवता सांगितलं, "दादा, बाहेर जाऊन बोल. मशीनचा आवाज आता जेमतेम येतो. तुझाच तेवढा येतोय."

मी ओट्यावर जाऊन बोललो. मित्र ऐकत होता. आतून माउसची टिकटिक थांबत नव्हती. ऊन उतरल्यावर तिनं डिझाइनं मिलला पाठवली आणि मगच आम्हाला चहाला आत घेतलं.