घाटाखाली राहिलेली टॅक्सी

बोलन घाटाच्या पायथ्याशी दिलमुरादचं गॅरेज होतं. घाटात तापलेल्या गाड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. एका दुपारी त्याचा जुना दोस्त, टॅक्सीवाला गुलबाज, वाफा सोडणारी गाडी घेऊन आला. वर गावात गुलबाजची लेक झरमीना शेवटच्या घटका मोजत होती.

“उस्ताद, नुसतं पाणी घाल आणि सोड मला!”

“थांब. आत्ता झाकण उघडलं तर तोंड भाजेल.”

इंजिन निवल्यावर दिलमुरादने पाणी भरून ते चालू केलं. पंखा फिरत होता, पाइप गळत नव्हता. पण रेडिएटरच्या पाण्यात सारखे बुडबुडे येत होते.

“हेड गॅस्केट गेलंय रे, इंजिनातला धूर पाण्यात शिरतोय. ही घाट चढणार नाही.”

वर जाणारा ट्रक थांबवून त्याने गुलबाजला बसवून दिलं. भरलेला ट्रक रखडत पोचला, तोवर ‘अब्बा आले का?’ असं विचारत विचारत झरमीनाने डोळे मिटले होते.

काही दिवसांनी गुलबाज टॅक्सी न्यायला आला. दिलमुरादने नवं गॅस्केट बसवलेलं इंजिन चालू करून दाखवलं.

“ही बरी झाली होय?” एवढंच बोलून गुलबाज बॉनेटवर डोकं टेकून हुंदके देऊ लागला. दिलमुरादने इंजिन बंद केलं.