शेजारची जागा

सुमन, माझी बायको, श्रावणात गेली. ती पहिलीच्या वर्गाला शिकवायची. आज तिचं सामान आणायला शाळेत गेलो, तेव्हा व्हरांड्यात तिच्या वर्गातली मुलं डबे खात बसली होती.

"म-म-मीठ हवंय का गं?" एकाने अडखळत बोलणाऱ्या मुलीला चिडवलं. सगळी हसली. तिने डबा बंद केला.

तेवढ्यात समोरची एक चिमुरडी आपलं बसकर ओढत तिच्याजवळ आली. "सरक गं. आणि तू गप रे! ज्याला चिडवतात त्याच्या शेजारी जाऊन बसायचं, सुमनबाईंनी सांगितलंय."

दुसऱ्याचं दुःख कुणाला पुसता येतं? शेजारी बसता मात्र येतं, अगदी सहाव्या वर्षीही. त्या मुलीने डबा पुन्हा उघडला.

घरी जेवताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते.