वरून काढलेली ओंजळ

वेल्ह्याच्या बाजारात कुंडलिक मापाड्याचा आवाज आधी ऐकू येई आणि माणूस नंतर दिसे. पायली भाताच्या राशीत खुपसायची, वर शीग चढेल इतकी भरायची, क्षणभर सर्वांना दिसेल अशी उंच धरायची आणि पोत्यात रिती करताना मोठ्याने आकडा म्हणायचा. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही. 'लाभ' म्हणायचे, मग दोन, मग तीन. मापाड्यांची ती जुनीच रीत. पण कुंडलिकचा 'लाभ' असा लांबत जाई की विकणाऱ्याला तो आपला वाटे आणि घेणाऱ्यालाही आपलाच वाटे. भोर रस्त्यावरच्या एका शेटजींच्या वखारीत आणि बाजारच्या दिवशी उघड्यावर, अशी सव्वीस वर्षे त्याने ही पायली चालवली. त्याच्या मापाबद्दल कुणी कधी तोंड उघडले नव्हते.

वास्तविक पायलीइतके सैल माप दुसरे नसेल. शीग किती उंच, अंगठा आत की बाहेर, पायली ठोकून भरली की अलगद, यावर दर मापाला मूठभर भात इकडचे तिकडे होई. कुंडलिकचा अंगठा बाहेरच असे. शीग मात्र हाताच्या लहरीप्रमाणे कमीजास्त होई, हे त्याचे त्याला ठाऊक होते. लोक ते माप डोळ्यांनी पाहत, कानांनी ऐकत आणि खरे मानत.

मग किलो आले. चौसष्ट सालच्या सुगीत सहकारी संघाने वेल्ह्यात भातखरेदीचे केंद्र उघडले आणि लोखंडी वजनकाटा आणून बसवला. खाली पोते ठेवायचा पाट, बाजूला उभा खांब, त्यावर आडवी दांडी. दांडी अधांतरी तरंगली की पोत्यात बरोबर पंचाहत्तर किलो भरले असे समजायचे. केंद्राचा व्यवस्थापक सावळाराम हा पुण्याला शिकून आलेला, कामथडीचा तरुण. त्याने हौसेने कुंडलिकला काट्यावर वजन करणारा तोलार म्हणून नेमले. 'लोक तुमच्याकडे पाहून येतील, कुंडलिकराव,' असे तो म्हणाला होता.

लोक आले आणि परत गेले. मार्गशीर्ष संपत आला तरी केंद्रात जेमतेम एकशे नव्वद पोती जमली. वखारीत मात्र बेकायदा का होईना, जुनी पायली चालू होती आणि गाड्या तिकडे वळत होत्या. सावळारामने वजनमापाच्या निरीक्षकांना बोलावून भरबाजारात काटा तपासून घेतला, त्यावर मोहोर मारून घेतली, दारावर सूचना लावली. फरक पडला नाही. मग संघाचे पत्र आले: पौषअखेर सहाशे पोती जमली तर केंद्र राहील, नाहीतर काटा उचलून नेण्यात येईल. कुंडलिकची पन्नाशी उलटून गेली होती. वखारीत त्याच्या जागी दुसरा मापाडी बसला होता. काटा गेला तर त्याला दुसरे काम उरत नव्हते.

त्याच आठवड्यात पालीची बनाबाई दोन पोती घेऊन आली. राजगडाच्या पायथ्याची तिची खाचरे. हात आणि जीभ दोन्ही चालती. रीतीप्रमाणे तिचे भात ताडपत्रीवर ओतले आणि कुंडलिकने घमेल्याने संघाचे पोते भरले. दांडी जागची हलेना.

"आनखी थोडं घाला, बनाक्का."

तिने एक ओंजळ घातली. दांडी तशीच.

"आनखी एक."

"ह्या काट्याचं प्वाट हाय का आड, कुंडलिकभाऊ? मगापासनं घालतीया, ढेकर म्हनून देत न्हाई."

रांगेतले लोक हसले. कुंडलिकने दांडीकडे बोट दाखवले. "ही वर आली की झालं. बघा की तुमी."

"काय बघू? पायली भरली की दिसायची. हितं दांडी तुमची, डोळं तुमचं. माजं निस्तं भात." दुसरे पोते तिने तसेच गाडीत टाकले आणि गाडी भोरच्या रस्त्याला लावली.

ज्या गाडीवानांनी वर्षानुवर्षे त्याला राम राम घातला, ते आता त्याला पाहून दुसरीकडे बघत. काटा नवा होता, म्हणून दोष काट्यावर जावा; तो गेला कुंडलिकवर. माणसाचा संशय यंत्रावर फार वेळ टिकत नाही. तो जवळचा चेहरा शोधतो.

एकच माणूस न चुकता केंद्रावर येई. चिमाजी. आठ वर्षांपूर्वी त्याच्या वाडीने बुद्धधम्म स्वीकारला होता. दीड एकराचे भात, वर्षाला पाचसहा पोती. एका दुपारी त्याचे पोते शिवता शिवता कुंडलिकने विचारले, "समदे वखारीला जात्यात. तू का येतोस रं?"

चिमाजी म्हणाला, "वखारीत आमचं भात शेवटाला मोजायचे, तात्या. समद्यांचं झालं की. तेबी वरनं ओतून, पोत्याला हात न लावता. हितं रांग हाय. म्या चौथा आलो तर चौथा."

वखारीतले ते माप कुंडलिकच्याच हातातले होते. चिमाजीने तसे म्हटले नाही. कुंडलिकने मात्र घातलेला टाका उसवून पुन्हा घातला.

"म्हंजे काट्यावर तुजा भरवसा हाय."

"काट्यावर हाय. पन खरं सांगू? तुमी 'आनखी घाला' म्हनता, तवा माजाबी हात आखडतो. ठावं असतं की बराबर हाय. तरीबी वाटतं, कायतरी चाललं आपलं."

चिमाजी निघून गेल्यावरही कुंडलिक काट्याशेजारी बसून राहिला. तीच ओंजळ, पोते अपुरे असताना मागितली की गेल्यासारखी वाटते. पायलीची फार चढलेली शीग पाडताना भात राशीत परत जाई, तेव्हा मात्र समोरच्याचा चेहरा सैल होई. हे त्याने हजारदा पाहिले होते. त्याचा अर्थ काय, हे त्याने कधी स्वतःला विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने पहिले पोते मुद्दाम जास्त भरले. दांडी वरच्या टोकाला जाऊन आदळली, तिचा आवाज बाहेरपर्यंत गेला. मग त्याने पोत्यातून एक ओंजळ काढली, विकणाऱ्याच्या ताडपत्रीवर परत टाकली आणि मोठ्याने म्हणाला, "ही तुमची." दुसरी ओंजळ. "हीबी तुमची." दांडी खाली आली, डोलली आणि तरंगत राहिली. पंचाहत्तर किलो. आदल्या दिवशीइतकेच.

विकणारा गडी ताडपत्रीवरचे ते दोन ओंजळी भात उपरण्यात बांधून घेऊन गेला आणि दोन गावांत सांगत सुटला की, केंद्रावर जास्तीचे परत देतात.

पंधरवड्यात रांग दारापर्यंत आली. सावळाराम आनंदला, आणि लगेच अस्वस्थही झाला. खिडकीतून त्याला रोज एकच दृश्य दिसे: तोलार पोत्यातून भात काढतो आहे आणि शेतकऱ्याला देतो आहे. कुंडलिक गावकऱ्यांना झुकते माप देत असेल काय? त्याने विचारले नाही. शिकलेली माणसे पुष्कळदा विचारण्याऐवजी पाहत राहतात. तो विनाकारण काट्यामागे येऊन उभा राहू लागला. अखेर एका सकाळी रांग लागण्याआधी सावळारामने शिवलेली वीस पोती पुन्हा काट्यावर चढवली. एकोणीस बरोबर निघाली. विसावे पाव किलोने जास्त होते. ते कुंडलिक भाकरी खायला गेला असताना सावळारामने स्वतः भरलेले होते.

तो ओशाळला आणि मग त्याने सरळ विचारले. कुंडलिकनेही सरळ सांगितले.

"पण ही एक प्रकारची फसवणूकच नाही का, कुंडलिकराव? मिळत काहीच नाही, आणि मिळाल्यासारखे वाटते."

"आदी जात कायबी न्हवतं, साहेब. तरी गेल्यावानी वाटायचं. तवा तुमी मला फसव्या म्हनला न्हाई."

सावळारामने ही पद्धत संघाच्या दुसऱ्या एका केंद्राला लेखी कळवली. तिथल्या तोलाराने ती अक्षरशः पाळली; पण ओंजळ परत देताना त्याचा चेहरा भीक घातल्यासारखा असे, आणि तिथली रांग होती त्याहून आखूड झाली.

पौषाचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा पाचशे एकोणनव्वद पोती झाली होती. दुपारपर्यंत रस्ता मोकळाच राहिला. मग दोन बैलगाड्या आल्या. पुढच्या गाडीत बनाबाई होती. तिची आणि तिच्या भावकीची मिळून चौदा पोती.

ती उतरली आणि थेट काट्यापाशी आली.

"कुंडलिकभाऊ, तुमी आदी जादा भरता आन मग काढता. व्हय न्हवं?"

कुंडलिकने हातातले घमेले खाली ठेवले. "व्हय."

"म्या शेजाऱ्याचं भात हितं धाडायच्या आदी आन उरल्यालं घरी आल्यावर तराजूला लावून बगितलं. येक दानाबी जादा मिळत न्हाई. समद्या आळीला सांगितलं म्या."

सावळाराम खुर्चीतून उठून दारात आला होता. कुंडलिकने मान खाली घातली, ताडपत्री पसरली आणि युक्ती सोडून, आधीच्याच पद्धतीने पोते भरायला घेतले. दांडी हलेना. "आनखी थोडं..." तो पुटपुटला.

"आसं न्हाई," बनाबाई म्हणाली. "त्या समद्यांचं करता तसं करा."

"पन तुमाला तर ठावं हाय, बनाक्का."

"ठावं हाय म्हनून काय झालं? माज्या जावा म्हनल्या, असंना का, देतोय तरी हसून. त्यो शेट पायली भरतो तवा आमच्याकडं बघतबी न्हाई." तिने पदर खोचला आणि ताडपत्रीशेजारी ठाण मांडले. "भरा चांगलं, वर येस्तवर. आन काढताना हळू काढा, मला बगू द्या."

कुंडलिकने घमेले भरले. दांडी टोकाला आदळली. त्याने ओंजळ काढली, थोडी उंच धरली आणि तिच्यापुढे ओतली.

"ही तुमची."

"दिसतीया," ती म्हणाली. "फुडं."

सहाशेवे पोते शिवून झाले तेव्हा ऊन कलले होते. सावळाराम निर्धास्त होऊन चहा सांगायला गेला. बनाबाईची तीन पोती अजून उरली होती, आणि ती कुंडलिकला जराही घाई करू देत नव्हती.